दौलतरावांच्या टोपीचा खिळा

मी एक जुना खिळा आहे. बोटभर लांब, मधे जरा वाकलेला. बोलता बोलता मी मधेच आकडे म्हणेन. मित्रांनो, तेवढं सांभाळून घ्या. रंगूबाईंची मोजणी ऐकत माझं आयुष्य गेलं. सवय सुटत नाही.

एक. दोन. तीन.

वाशीमच्या एका लोहाराने बैलगाडीच्या चाकाच्या तुटक्या लोखंडी धावेतून मला घडवलं. एकोणीसशे त्र्याहत्तर साली दौलतरावांनी पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान काढलं आणि टोपी अडकवायला मला मधल्या खांबात ठोकलं. गावोगाव वीज पोचत होती. विहिरींवर मोटारी बसत होत्या, आणि जळतही होत्या. दुकानात जगदेव हे जुने कारागीर होते, देवमन आयटीआय शिकून आलेला होता, आणि कापसाच्या जिनिंगमधलं काम सोडून आलेल्या रंगूबाई होत्या. लाकडी फरम्यावर तांब्याची तार गुंडाळताना त्यांची बोटं अशी चालत की मी बघतच राही.

अकरा. बारा.

खिळा असूनही मला एक गोष्ट बोचायची. त्या दुकानात चूक कोणाचीच नसे. काम बिघडलं की जगदेव जळकी गुंडाळी मागच्या कोरड्या विहिरीत टाकत आणि म्हणत, "विजेचाच दोष होये."

मग माघात जऊळक्याचे माणिकराव आले. चारच दिवसांपूर्वी दुरुस्त करून नेलेली त्यांची मोटार पुन्हा जळली होती.

"गहू ओंबीवर आला, दौलतराव. पानी कायनं देऊ, लोट्यानं?"

दौलतराव तापले. "हे काम कोनं केलं? तो मानूस उद्यापासून येनार नाही!"

जगदेवांनी रंगूबाईंना डोळ्याने मागची विहीर दाखवली. रंगूबाईंनी तिकडे पाहिलंच नाही. त्यांनी मोटार खोलली, जळकी गुंडाळी काढून वेढे मोजले आणि त्या खांबापाशी आल्या. दौलतरावांची टोपी त्यांच्या हातात दिली, आणि गुंडाळी माझ्यावर अडकवली!

"माही चूक होये. चौपन्न येढे पाह्यजेत, चव्वेचाळीसच भरले. अडतीसवर हाक आली, 'रंगूबाई, वार्निशचा डबा कुठी हाये?' मी जबाब देल्ला, अन् अडतीसचे अठ्ठेचाळीस समजून पुढं मोजलं. मले काढता तं काढा. पन मोजनाऱ्याले हाका मारसान, तं मोटारी जळतीनच."

"हाक कोनं मारली होती?" देवमनने विचारलं. त्याला ठाऊक होतं.

दौलतराव हातातल्या टोपीकडे पाहत राहिले.

"म्या," ते म्हणाले.

"मंग दोघं मिळून बांधा बावा," माणिकराव म्हणाले, "माहा गहू तुमचं भांडन आयकाले नाही थांबला!"

सदतीस. अडतीस. एकोणचाळीस.

रंगूबाई पुन्हा मोजायला बसल्या. दौलतराव दारात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला ओठांवर बोट ठेवून गप्प करत होते. संध्याकाळी मोटार जऊळक्याला गेली. गव्हाला पाणी मिळालं.

मग रीतच पडली. ज्याची चूक, त्याने बिघडलेली वस्तू माझ्यावर अडकवायची आणि कसं झालं ते सांगायचं. ऐकणाऱ्याने रागवायचं नाही. टोप्या आता डोक्यावरच राहत; मोजणाऱ्याला हाक मारली, तर मात्र हाक मारणाऱ्याची टोपी दुपारपर्यंत माझ्यावर, आणि तो उघड्या डोक्याने. सर्वांत जास्त वेळा कोणाची टोपी टांगली गेली, हे सांगायला नको.

"मालकाचं डोस्कं आज बी हवा खाऊन राह्यलं!" देवमन म्हणे, आणि दौलतरावच आधी हसत.

रीत पडल्यावर आठवड्याभराने जगदेव दोन गुंडाळ्या घेऊन आले. एक ताजी जळलेली, दुसरी धुळीने माखलेली.

"हे दुसरी कोनती, जगदेवभाऊ?" रंगूबाईंनी विचारलं.

"मांगच्या वर्साची. इहिरीतून काहाडली. एकटीच बसली होती बिचारी."

सगळे खांबाला धरून हसले. त्या धक्क्याने आणि दोन गुंडाळ्यांच्या वजनाने मी वाकलो. तो वाक अजून आहे. मी तो दागिन्यासारखा मिरवतो.

आता मी गंजत चाललो आहे, मित्रांनो. आठवण झाली तर माझ्यावर तेलाचं एक बोट फिरवा. आणि तुमच्या कामाच्या जागी, सगळ्यांना दिसेल असा एक खिळा ठोका. चूक टांगायला जागा असली, की माणसाला टांगावं लागत नाही.

बरं, आता मला हाक मारू नका. समोर केस पिकलेल्या रंगूबाई तार गुंडाळत बसल्या आहेत, आणि म्हातारे दौलतराव आज अजून टोपी घालूनच आहेत.

बावन्न. त्रेपन्न.

चौपन्न.