कोणाले सांगाचं

तिसऱ्या बाळंतपणाला पंधरवडाही झाला नव्हता, तेव्हा रुखमा रोवण्याला गेली. दिवसभर चिखलात वाकून धान लावताना ओटीपोटात काहीतरी खाली सरकल्यासारखं वाटलं. घरी येऊन न्हाणीत हात लावून पाहिला, तर अंग बाहेर आलं होतं. तिने ते आत ढकललं, कापड घट्ट बांधलं आणि भात रांधायला बसली.

पुढे कित्येक वर्षं असंच चाललं. आसगावात कोणाला कळलं नाही. नवऱ्याला, जागेश्वरला, ठाऊक होतं, पण तिचं 'नको' त्या घरात कधी ऐकलंच गेलं नव्हतं. दुखतं म्हटलं की तो म्हणायचा, "सगळ्याच बायांचं दुखते."

भावना गावची आशा कार्यकर्ती. लसीकरणाच्या दिवशी खाली बसताना रुखमा कण्हली, तेव्हा भावनाने तिला बाजूला नेऊन विचारलं. रुखमाने पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं. मग दोघी एसटीने भंडाऱ्याला गेल्या. तिथल्या एका दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं. अंग म्हणजे गर्भपिशवीच खाली उतरली आहे, ती काढावी लागेल, म्हणाल्या. त्यानंतर तीन महिने ओझं उचलायचं नाही, नवऱ्याजवळ जायचं नाही.

"हे तुमी त्यायले सांगान का?" रुखमाने विचारलं.

"ते घरी तुम्हीच सांगा," असं म्हणून त्यांनी पुढच्या बाईला आत बोलावलं.

जागेश्वर म्हणाला, रोवणा झाल्यावर पाहू. रोवणा झाला, निंदण झालं, धान कापणीला आलं. शेवटी भावनाच घरी आली.

"मले पोरगा पायजे," जागेश्वर शांतपणे म्हणाला. "पिशवी काढल्यावर कुठून होईल?"

"भाऊ, शरीर तिचं हाय. तिची सही पुरते. हक्क हाय तिचा."

"मंग तिले तुमच्याच घरी ठेवा."

भावना निघाली. जागेश्वरची आई चंद्रभागाबाई तिच्या मागोमाग कुंपणापर्यंत आली.

"माह्यंबी अंग येते," ती हळूच म्हणाली. "हा जागेश्वर झाला तवापासून."

"एवढी वर्षं? काहून नाही सांगितलं?"

"कोणाले सांगाचं?" म्हातारीने पदर सावरला. "तिचं तरी होऊ दे. मी येतो तिच्यासंग."

भाचीकडे जातो, असं घरी सांगून सासूसुना भंडाऱ्याला गेल्या. भावना तिथे थांबली होतीच. ऑपरेशनआधी रक्त-लघवी तपासली आणि डॉक्टरीणबाईंनी रुखमाला आत बोलावलं. तिला दिवस गेले होते. तिसरा महिना.

"मले नाही पायजे हे," रुखमा म्हणाली. "पाडून टाका."

"ऑपरेशनला सासूबाई चालल्या असत्या. यासाठी नवऱ्याला घेऊन या."

"मॅडम, कायद्यानं नवऱ्याची सही लागत नाही," भावना म्हणाली.

"कायदा मलाही माहीत आहे. उद्या तो माणूस इथे दारात येऊन उभा राहिला तर तुम्ही याल का?"

भावनाने तपासणीचे कागद उचलले. भंडाऱ्यात दुसरीकडे गेलं तरी जागेश्वरपर्यंत बातमी पोचली असती; त्यापलीकडचा दवाखाना नागपूरला होता. तिथे राहायचं कुठे, घरी काय सांगायचं, हे ठरेना, म्हणून तिघी परत निघाल्या. परतीच्या गाडीत चंद्रभागाबाई सुनेचा हात धरून बसली होती.

जागेश्वरला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा तो खूश झाला. तिला त्याने कापणीला जाऊ दिलं नाही, तेवढाच काय तो आराम. उन्हाळ्यात रुखमाला चौथी मुलगी झाली. रक्त फार गेलं, पण ती वाचली. जागेश्वर मुलीला पाहायला आत आला नाही. काही दिवसांनी रात्री मात्र आला.

तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू झाल्यावर भावना पुन्हा आली. रुखमा ओसरीत पानांचे पुडे बांधत होती, चंद्रभागाबाई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती.

"वयनी, आता तरी ऑपरेशनचं पाहू," भावना म्हणाली.

रुखमाने हातातला पुडा खाली ठेवला.

"तुमी आता येत नका जाऊ, भावनाताई," ती म्हणाली. "तुमी आल्या का मले वाटते, आता काहीतरी बरं होईल. मंग जास्त दुखते."

चंद्रभागाबाई बाळाला थोपटत राहिली. भावना पुढच्या घराकडे गेली.