पदराचं टोक

"आई, तू हासणार न्हाईस ना?"

उदगीरच्या बसस्थानकावर महांतेशनं आईला विचारलं ते एवढंच. प्रवास कसा झाला, चहा घेतेस का, काही नाही. ज्या आजीनं त्याला लहानाचा मोठा केला ती गुरम्मा पहाटे गेली होती, ती कशी गेली हेही त्यानं सांगितलं नाही. मोटारसायकल चालूच ठेवून तो उत्तराची वाट बघत उभा राहिला.

"न्हाई रे बाळा," नीलाबाई म्हणाली. पदराचं टोक तिनं नांदेडला गाडीत बसतानाच मुठीत घेतलं होतं. हसू आलं की ते तोंडात कोंबायचं, ही तिची जुनी सोय होती.

वाटेत त्यानं सगळं बजावून सांगितलं. घरी गेल्यावर मागच्या खोलीत बसायचं, माती निघाली की बायकांच्या अगदी मागं चालायचं, पुढं यायचं नाही. भालकीचे पाहुणे येणार आहेत. भालकीचे पाहुणे म्हणजे त्याचे होणारे सासरे. पोराचा साखरपुडा झाला हे नीलाबाईला जाऊ सिंधूनं मोबाइलवर लावलेल्या फोटोत कळलं होतं. बोलावणं आलं नव्हतं. ती हो हो म्हणत राहिली. आपल्याच पोराच्या मागं बसून परक्यासारखं हो म्हणायला काय लागतं हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

तिचं हसू लहानपणापासूनचं. गुरुजींनी छडी उगारली की वर्गातली पोरं रडायची, ही हसायची आणि दुप्पट खायची. लग्नानंतरही तेच. गावाच्या मापानं ईश्वरप्पा काही वाईट नवरा नव्हता, कधीमधीच हात उचलायचा. पण पहिली थप्पड बसायच्या आतच हिला हसू फुटायचं, आणि दुसरी थप्पड त्या हसण्याची असायची. सून नवऱ्याला हसते, असं गुरम्मानं गल्लीभर करून ठेवलं. नीलाबाईनं कितीदा सांगितलं, मी हसत नाही, ते आपोआप होतं. आपोआप काय होतं बाई, ऊस पिकतो का आपोआप, असं सासू म्हणायची.

मग ईश्वरप्पा दुकानातच छातीत कळ येऊन गेला. महांतेश तेव्हा शाळकरी होता. लिंगायतांच्या रीतीप्रमाणं मयताला अंघोळ घालून, कपाळभर विभूती लावून ओसरीवर बसवलं होतं. बसलेला ईश्वरप्पा जिवंतपणी दुकानात बसायचा तसाच दिसत होता, फक्त मान धरत नव्हती. थोरले दीर शरणप्पा ती सरळ करायचे, ती परत पुढं पडायची. शेवटी त्यांनी फडक्यानं ती मागच्या खुंटीला बांधली. ते बघताना नीलाबाई हसली. गालातल्या गालात नव्हे, खदखदून, श्वास तुटेपर्यंत. अख्खी गल्ली बघत होती. पोरगंही बघत होतं.

दिवस झाल्यावर तिला मुखेडला भावाकडं पोचवण्यात आलं. पोर वंशाचं म्हणून ठेवून घेतलं. भावानं काही वर्षं सांभाळलं, मग तोंड फिरवलं, आणि ती नांदेडला एका मेंदूविकाराच्या दवाखान्यात आयाबाई म्हणून लागली.

तिथंच एकदा झटके येणारा माणूस स्ट्रेचरवरून आणला. तोंडाला फेस, डोळे पांढरे. नीलाबाई स्ट्रेचरचा दांडा धरून हसत सुटली. नातेवाईक अंगावर धावून आले. मनतशा नावाच्या डॉक्टरीणबाईंनी तिला आपल्या खोलीत नेलं, पाणी दिलं, आणि आजवर कुणी विचारलं नव्हतं ते विचारलं. हे केव्हा केव्हा होतं, मावशी?

तिनं सगळं सांगितलं. ओसरीवरच्या मानेपर्यंत सगळं.

"जीव घाबरला की शरीर आपल्याला विचारत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मेंदू धोक्याची घंटा वाजवतो आणि नसा आपापल्या वाटेनं धावतात. कुणाचे हातपाय गार पडतात, कुणाची वाचा जाते, कुणाला रडू येतं. तुमच्या नसांनी हसण्याची वाट धरली. ते हसू नाही मावशी, ती भीती आहे."

असं होईल तेव्हा श्वास सावकाश सोडत जा, असंही त्यांनी शिकवलं. नीलाबाईनं फक्त एक विचारलं, मग मी वाईट न्हाई ना? त्या नाही म्हणाल्या. तिनं त्या दिवशी फरशी पुसता पुसता मनसोक्त रडून घेतलं.

तेवढं सांगायला ती मुद्दाम उदगीरला गेली होती. गुरम्मा बाजेवर पडल्या पडल्या ऐकत होती. ऐकून म्हणाली, "दवाखान्यात झाडू मारून डाक्टरीण झालीस व्हय?" महांतेश दारात उभा होता. तो पाठ फिरवून बाहेर निघून गेला, आणि नीलाबाईला त्याचंच जास्त लागलं.

आता ती गुरम्मा त्याच ओसरीवर बसवलेली होती. मान या खेपेला पक्की बांधलेली होती. नीलाबाई खाली बघत मागच्या खोलीत गेली. सिंधू दाराशीच बसून राहिली, पहारा द्यावा तशी. भजन सुरू झालं, माती निघाली. नीलाबाई सगळ्यांच्या मागं चालली, पदर दातांत धरून.

समाधीचा खड्डा तयार होता. गुरम्माला बसल्या जागी आत उतरवलं, स्वामींनी मंत्र म्हटले आणि नातवाला बेल वाहायला पुढं बोलावलं. महांतेश खड्ड्यात वाकला. खाली उतरवताना मानेचं फडकं सैल झालं असावं. गुरम्माची मान हळूच ढळली आणि कपाळ त्याच्या मनगटाला टेकलं.

महांतेशचे खांदे हलू लागले. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"आजीवर लई जीव होता पोराचा," कुणीतरी म्हणालं. शरणप्पांनी त्याला धरून वर घेतलं आणि पाठीवरून हात फिरवला. रडून घे, मोकळा हो, असं सगळेच म्हणत होते. भालकीच्या पाहुण्यांनीही डोळे पुसले.

एकट्या नीलाबाईला तो आवाज ओळखू आला. आधी नाकात अडकतो, मग श्वास तोडत वर येतो. तिनं आयुष्यभर तोच गिळला होता. पोर रडत नव्हतं. आणि त्याचे हात आता तोंडावर टिकणार नव्हते.

बायकांना बाजूला सारत ती पुढं गेली. स्वतःच्या तोंडातलं पदराचं टोक काढून तिनं त्याच्या तोंडात दिलं, त्याचं डोकं छातीशी दाबून धरलं.

"सावकाश सोड श्वास. हे तुजं न्हाई बाळा, भ्याचं हाय," ती त्याच्या कानात म्हणाली.

त्यानं मान वर करून तिच्याकडं बघितलं. एक क्षणभरच, पण पुरतं बघितलं. त्याला कळलं होतं. मग त्यानं पदर दातांत घट्ट धरला.

नीलाबाईच्या तोंडाशी आता काहीच नव्हतं. समोर खड्ड्यात गुरम्मा मान टाकून बसली होती. तिनं श्वास सावकाश सोडायचा प्रयत्न केला, तो मध्येच तुटला, आणि ती हसली. सोळा वर्षांपूर्वी हसली होती तशीच.

"बघा, सासूच्या मातीत बी दात काढायली," सिंधू म्हणाली. शरणप्पांनी नीलाबाईचा दंड धरून तिला मागं ओढलं. पदर महांतेशच्या तोंडातून सुटला. एव्हाना त्याचं हसू ओसरलं होतं. डोळे लाल, चेहरा ओला, अगदी आजीच्या नातवाला शोभेलसा.

भालकीच्या सासऱ्यांनी त्याला विचारलं, ही बाई कोण.

नीलाबाई थांबली. तिच्याकडं न बघता महांतेश म्हणाला, "आईच हाय. डोक्यावर परिणाम हाय तिच्या."

बसस्थानकापर्यंत ती चालतच गेली. नांदेडच्या गाडीत खिडकीशी बसल्यावर तिनं मूठ उघडली. पदराच्या टोकावर त्याच्या दातांच्या खुणा होत्या आणि ते अजून ओलं होतं. ते ओलंच राहावं असं तिला वाटत होतं. पण खिडकीची काच लागत नव्हती, आणि मुखेड यायच्या आत ते टोक सुकून गेलं.