वाढत्या अंगाचं माप

उंची

घुमी तीन वर्षांपूर्वी आकाशातून तलावात पडली, तेव्हा तिला अंग नव्हतं. तिच्या लोकांना नसतंच. जिथे जातील तिथलं एखादं बघून हुबेहूब तसंच घेतात आणि जन्मभर वापरतात. निथळत ती रस्त्यावर आली, तर समोर शिंपीणबाईंचं दुकान आणि काचेआड शाळेच्या गणवेशातली एक मुलगी. शांत, नीटनेटकी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. घुमीने तीच घेतली.

तो पुतळा होता, हे कळायला आठवडा गेला.

तोवर शिंपीणबाईंनी तिला ‘माझी भाची’ म्हणून घरात घेतलं होतं. मावशी झाली, शाळा झाली, बोलत नाही म्हणून गल्लीने नावही ठेवून टाकलं. तिचे लोक चौथ्या वर्षी त्याच तलावावर न्यायला येणार होते. तोवर सापडायचं नाही, एवढंच काम.

छाती

मंगळवारी दुपारी पाहणीवाला आला. तलावात काय पडलं ते शोधणाऱ्या खात्याचा माणूस. टोपी काढून त्याने पुतळ्याच्या डोक्यावर ठेवली.

“बाई, गल्लीतल्या पोरांचे गणवेश तुम्हीच शिवता ना?”

“मग काय, डॉक्टर शिवतो?”

“मापांची वही द्या. साहेबांचं म्हणणं, तिकडचं पोर वाढत नाही. तीन वर्षं ज्याचं माप तेच, ते आम्ही घेऊन जाणार.”

घुमी कोपऱ्यात बसून काजं करत होती. तिच्या पोटात गोळा आला. पुतळ्याचं पोट पोकळ, त्यामुळे गोळ्याला जागा भरपूर होती.

वाढायचं असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. वर्गातल्या मुली उंच होताना तिने पाहिल्या होत्या. तिला वाटलं, हौस.

पाहणीवाल्याने तिचं पान काढलं. पहिल्या वर्षी चार फूट अकरा. दुसऱ्या वर्षी पाच फूट एक. यंदा पाच फूट तीन.

घुमीने मान वाकडी करून वाचलं. अक्षर मावशीचं होतं. मावशी सुईत दोरा ओवत होती.

“पाच-तीन?” पाहणीवाल्याने घुमीला न्याहाळलं. “उभी करा बघू. माझ्यासमोर माप घ्या.”

कंबर

एकदा घेतलेलं अंग चारचौघांत ताणणं तिच्या लोकांत फार वाईट समजतात. आपल्याकडच्या ढेकरापेक्षाही.

“ताठ राहा गं! वाढत्या वयाची पोर, आणि उभी कशी, तर ओल्या चादरीसारखी.” मावशीने टेपचं टोक तिच्या टाचेखाली दाबलं. “पाच फूट...” टेप गोगलगायीच्या चालीने वर निघाली. “...तीन.” तोवर घुमी पोचली होती.

“छाती बत्तीस.” टेप मागाहून आली.

“कंबर सव्वीस. सव्वीस म्हटलं मी! श्वास आवर.”

पाहणीवाला लिहीत होता. तेवढ्यात घुमीचं बटण उडून त्याच्या कागदावर पडलं.

“स्कर्टही तोकडा झालाय हिचा,” तो सावकाश म्हणाला. “सकाळी शाळेत अशीच गेली होती?”

“अहो, म्हणून तर मापं घेते दरवर्षी. आज शिवावं, उद्या आखूड. तुम्हाला पोरं नाहीत?”

“तीन आहेत.”

“मग?”

पाहणीवाल्याला ती तिन्ही आठवली असावीत. त्याने उसासा टाकला.

बाही

बाहीही वर सरकली होती. घुमीच्या डाव्या कोपराला टवका उडालेला, आत पांढरं. तसाच टवका, तसाच कोपर, पुतळ्याला. पाहणीवाला टोपी घ्यायला नेमका तिकडेच वळला.

मावशीने घुमीच्या कोपराला टेप गुंडाळली आणि मुठीत धरून ठेवली. “बाही... थांबा हं... बाही...” त्याने टोपी झटकली, कागदावर ‘वाढते’ असं लिहिलं, आणि तो पायऱ्या उतरला तरी बाहीचं माप निघालं नव्हतं.

“तुला कधी कळलं?” घुमीने विचारलं.

“पहिल्याच मापाला. तो टवका माझ्या हातून उडालाय. तुझी एकटीची बाही कोपराखाली का शिवते मी? फॅशन म्हणून?” मावशीने स्कर्टची दुमड उसवायला घेतली. आत चार बोटं कापड राखलेलं होतं. “आता वर्षाला एक इंच. आगाऊपणा करून दोन नको.”

“पण पुढच्या वर्षी ते न्यायला येतील.”

मावशीने वही ओढली आणि पुढच्या वर्षासमोर पाच फूट चार लिहिलं. आधीची सगळी मापं शाईची होती.

हे पेन्सिलीने.