हिरव्या ठिगळाची वायर

मित्रांनो, मी एक जुनी वायर आहे आणि मी रागावलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी आवाज चढवला तर दचकू नका. आत्मकथा सांगणाऱ्या वस्तू एरवी फार सोशीक असतात. मोडक्या छत्र्या, फाटकी पुस्तकं, सगळी कशी डोळ्यांत पाणी आणून बोलतात. मला ते जमणार नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि मी तर अजून जळलेलीही नाही.

माझ्या एका टोकाला बारीक पिन आहे. ती कॉम्प्युटरच्या भोकात बसते. दुसऱ्या टोकाला दोन पिना आहेत, एक लाल आणि एक पांढरी. त्या मिक्सरमध्ये जातात. मिक्सर म्हणजे चटणीचा नव्हे हं, गाणाऱ्याचा आवाज आणि गाण्याचं संगीत एकत्र करणारी पेटी. कॉम्प्युटरमधलं संगीत त्या पेटीपर्यंत पोचवायचं, एवढंच माझं काम. एवढंच म्हणते खरी, पण मी नसले तर तुमचा शेकडो गाण्यांचा कॉम्प्युटर मुका.

मला बनवलं उत्तमकाकांनी. काका ठाकुर्लीचे, नुकतेच नोकरीतून मोकळे झालेले. नौपाड्यात एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत दर शनिवारी संध्याकाळी गाण्याची हौस असलेली मंडळी जमायची. 'सांजसूर मंडळ' त्यांचं नाव. त्यांना कॉम्प्युटरवरचं कराओके सुरू करायचं होतं. म्हणजे गाण्यातला गायकाचा आवाज काढून टाकायचा, मागची वाद्यं तेवढी ठेवायची, आणि त्या मोकळ्या जागेत आपण गायचं. शब्द पडद्यावर दिसतात, आणि जो शब्द म्हणायची वेळ येते तो पांढऱ्याचा निळा होतो.

सामान आणायला काका स्टेशनजवळच्या दुकानात गेले. दुकानदार चकचकीत माइक पुढे करत होता. काका डोळे मिटून प्रत्येक माइकमध्ये एकच ओळ म्हणायचे आणि नकारार्थी मान हलवायचे. अर्धं दुकान वैतागलं.

"काका, घ्यायचाय की इथेच मैफल करायचीये?" दुकानदार म्हणाला.

"अरे, माइक काय शोकेसमध्ये ठेवायचाय? आवाज तर ऐकू दे."

शेवटी त्यांनी दिसायला सगळ्यात बेंगरूळ माइक घेतला, छोटा मिक्सर घेतला आणि दोन साधे स्पीकर. वायर फुकट मिळत होती. काकांनी ती तिथेच ठेवली, चांगल्यातली वायर मापून कापून घेतली आणि घरी बसून कथलाचे डाग देऊन स्वतःच्या हाताने पिना जोडल्या. त्या हातांची मला सवय होती. म्हणूनच पुढे मला त्यांचा सगळ्यांपेक्षा जास्त राग आला.

कामाची वर्षं छान गेली. दसऱ्याला मंडळ सगळ्या सामानाची पूजा करायचं. माइकला, मिक्सरला झेंडू वाहायचे. माझ्यासाठी फूल कोण आणणार? पण काका न चुकता माझ्या पिनेला कुंकवाचं बोट लावायचे. मला तेवढं पुरायचं.

मग मंडळात कलावतीताई आल्या. त्या ब्लाउज शिवायच्या. काकांच्या घरी शिवलेलं पोचवायला आल्या तेव्हा जिन्यात गुणगुणत होत्या. ते ऐकून काकांनी त्यांना शनिवारी ओढून आणलं. आयुष्यभर शिलाई मशीनवर गायलेली बाई, माणसांसमोर म्हणून कधी तोंड उघडलेलं नाही.

"काका, मला गाण्यांचे शब्द पाठ नाहीत हो," त्या म्हणाल्या.

"पाठ कशाला पाहिजेत? अक्षर निळं झालं की म्हणायचं. बस्स!"

ताईंनी ते वाक्य मनात जपून ठेवलं. पडद्यावरून नजर म्हणून काढायच्या नाहीत. अक्षर निळं झालं की त्यांचा सूर निघालाच, आणि तो नेमका तालावर. का? कारण पडद्यावर शब्द उमटायचा त्याच क्षणी मी संगीत पोचतं करायची. मी कधी उशीर केला नाही, मित्रांनो. एकदाही नाही.

एकदा खुर्चीचा पाय माझ्यावर आला आणि माझी साल निघाली. मंडळाचे अध्यक्ष साईनाथराव म्हणाले, "टाकून द्या ती." कलावतीताईंनी पर्समधून सुई-दोरा काढला, कुठल्याशा गिऱ्हाइकाच्या ब्लाउजपीसमधली उरलेली हिरवी चिंधी काढली आणि माझ्या जखमेवर ठिगळ शिवलं. बारीक टाके, एकही वर दिसेना. सगळे हसले. मी नाही हसले. तेव्हापासून मी त्यांची आहे.

मंडळाच्या वर्धापनदिनाला पहिल्यांदाच मोठं सभागृह घ्यायचं ठरलं, आणि ताईंना एकटीने गायला एक गाणं मिळालं. त्या रात्री म्हणे त्यांनी मुलीला, कृतिकाला, दोनदा फोन केला. दुसऱ्याच दिवशी स्वतःसाठी ब्लाउज बेतला. दुनियेचे ब्लाउज शिवणाऱ्या बाईने स्वतःसाठी सणावाराशिवाय शिवलेला तो पहिला ब्लाउज.

इथवर सगळं सरळ होतं. मग नाथाशेठ आले.

नाथाशेठ बाळकुमचे, जुने जमीनदार. शेतं गेली, टॉवर आले, पैसा आला. माणूस मनाने मोकळा, आवाजाने त्याहून मोकळा. त्यांची आई गोदूबाई गावात हळदीला गाणी म्हणायची. ती गेली, आणि तिच्या नावाने मंडळाला नवा सेट द्यायचं शेठच्या मनात आलं. चांगलंच होतं ते. राग मला देणाऱ्याचा नाही, निवडणाऱ्यांचा आहे.

निवड कशी केली ते ऐका. साईनाथरावांनी स्पीकरचे फोटो ग्रुपवर टाकले आणि ज्याला जास्त अंगठे आले तो घेतला. फोटो! आवाजाची वस्तू डोळ्यांनी निवडली! छातीएवढा उंच स्पीकर, पोटात लाल-निळे दिवे, सोबत दोन सोनेरी माइक. कुणी म्हणून एकदा तो कानाने ऐकला नाही. दिसतं तसं नसतं म्हणूनच जग फसतं, हे शाळेत घोकलेली माणसं ही.

"आणि मुख्य म्हणजे वायरलेस आहे," साईनाथराव म्हणाले. "हा वायरींचा पसारा एकदाचा जाईल." पसारा म्हणजे मी.

दसऱ्याला स्पीकरला हार घातला, नारळ फोडला. त्याच्या कपाळावर सोनेरी अक्षरं होती, 'कै. गोदूबाई यांच्या स्मरणार्थ'. त्या दिवशी मला कुंकू लागलं नाही. कपाटाची कडी तुटली होती, तर माझी गाठ मारून त्याचं दार बांधलं. जिच्यातून इतकी वर्षं संगीत वाहिलं, तिचा सुतळीचा तोडा केला. पण कपाट त्याच खोलीत होतं, म्हणून पुढचं सगळं मी पाहिलं.

त्या स्पीकरला कॉम्प्युटरमधलं संगीत हवेतून जायचं आणि पोचायला वेळ लागायचा. फार नाही, अर्धा श्वास. पण पडद्यावरचा शब्द काही थांबत नसे. तो आधी निळा व्हायचा, संगीत मागून यायचं. बाकीची मंडळी वर्षानुवर्षं तीच ती गाणी गाणारी. ती पडद्याकडे बघतच नव्हती, कानाने गात होती. सांगितलेलं इमानाने पाळणाऱ्या एकट्या कलावतीताई. अक्षर निळं झालं की त्या निघायच्या, आणि संगीताच्या पुढे जायच्या.

"कलावतीबाई, फार घाई करता तुम्ही," साईनाथराव पहिल्या शनिवारी म्हणाले. पुढच्या शनिवारी म्हणाले, "होतं असं वयोमानाने." आणि त्याच्या पुढच्या शनिवारी, सगळ्यांसमोर, "ताल कसा, मुळात रक्तात असावा लागतो."

अरे, रक्तात? त्या दिवेवाल्या डब्याच्या रक्तात बघा ना आधी! मी कपाटाला बांधलेली. ओरडणार तरी कशी?

आणि उत्तमकाका? त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी पाहिलं ना. त्यांनी पडद्याकडे बघितलं, स्पीकरकडे कान केला, कपाळाला आठी घातली. मग ती सोनेरी अक्षरं बघितली आणि चष्मा काढून खिशात ठेवला.

ताई एकदा त्यांच्याजवळ गेल्या. हळूच विचारलं, "काका, खरंच माझंच चुकतंय का हो?"

आणि हा माणूस, डोळे मिटून माइक निवडणारा माणूस, काय म्हणाला? "घरी थोडा सराव करा."

ताईंनी घरी सराव केला असेलच. चूक आपल्यात नसताना किती सराव केला की ती जाते, हे मला कुणीतरी सांगा. शेवटी त्यांचं गाणं काढून घेतलं आणि नाथाशेठना दिलं. दात्याचा मान! शेठना ते गाणं कुणाचं होतं याचा पत्ताही नव्हता. वर साईनाथराव ताईंना म्हणतात, "या स्पीकरला मखमलीचं कव्हर शिवून द्याल का? धूळ बसते हो." ताई 'हो' म्हणाल्या. इतकं सोसू नये माणसाने. मला वस्तू असून संताप आला.

कार्यक्रमाच्या आधीच्या शनिवारी ताई ते कव्हर घेऊन आल्या. नाथाशेठ गात होते. त्यांनाही शब्द पाठ नाहीत, त्यांचेही डोळे पडद्यावर. शेठ पुढे, संगीत मागे, आणि मंडळी माना डोलावतायत, "वा शेठ! क्या बात है!"

शेठ मध्येच थांबले. "आरं, मना बरोबर नाय वाटत. कोनतरी खरा सांगा ना."

"छे छे! उत्तम चाललंय," साईनाथराव म्हणाले. "तुमचा ढंगच वेगळा आहे."

कलावतीताई दाराशी उभ्या होत्या. हातात कव्हर. म्हणाल्या, "शेठ, तुम्ही पुढे पळताय. मी पळायचे ना, अगदी त्याच जागांवर."

"तुमी पलायच्या? म्हंजी?"

"म्हणून तर मला काढलं. तुम्ही गाताय ते गाणं माझं होतं."

साईनाथराव काहीतरी बोलायला गेले, शेठनी हातानेच गप्प केलं. "शेतान दोन बैल एकाच जाग्यावं अडखलले, त दोष बैलांचा नसतं. जमिनीन काय तरी हाय. काका, तुमी मशीनवाले. तुमी बोला."

उत्तमकाका खाली बघत म्हणाले, "संगीत उशिरा येतंय, शेठ. पहिल्या दिवसापासून."

"मंग बोलला का नाय?"

"पूजा झाली होती. तुमच्या आईंचं नाव आहे त्याच्यावर. वाईट कसं म्हणायचं?"

ऐकलंत, मित्रांनो? दान दिलेल्या वस्तूला वाईट म्हणायचं नाही, पूजा केलेल्या वस्तूला वाईट म्हणायचं नाही. बाईला म्हटलं तर चालतं. ती काय, ब्लाउज शिवते.

नाथाशेठचा चेहरा लाल झाला. "माजे आयचा नाव हाय म्हनून? आरं, हलदीला गाताना कोन चुकला त माजी आय त्याचा हात धरून त्याला गान्यात घेवाची. तिचे नावाखाली तुमी एका बाईला खोटी पारली? आता मी या अक्षरांकडं बघू कसा?" त्या खोलीत माझ्याइतका रागावलेला कुणीतरी आहे हे बघून मला पहिल्यांदा बरं वाटलं.

"जुनी वायर जोडली तर होईल नीट," काका पुटपुटले. "पण ती बहुधा टाकून दिली."

"ही काय," ताई म्हणाल्या. त्यांना कपाटावर हिरवं ठिगळ दिसलं होतं. स्वतःचे टाके कोण विसरतं? गाठ घट्ट बसली होती. त्यांनी नखांनी ती हळूहळू सोडवली, मला सरळ केलं, पदराने पुसलं. त्या डब्याच्या पाठीला, रबरी झाकणाखाली, माझ्या मापाची लाल आणि पांढरी भोकं होतीच की! कुणी झाकण उघडूनही बघितलं नव्हतं.

मला काकांच्या हातात देताना ताई एवढंच म्हणाल्या, "काका, मी तुम्हाला विचारलं होतं."

काकांनी माझ्या पिना बोटाने पुसल्या.

मी जोडली गेले. अक्षर निळं झालं आणि त्याच क्षणी संगीत आलं. ताई गायल्या. शेठ खाली मांडी घालून ऐकत बसले. गाणं ताईंना परत मिळालं. ब्लाउजला हुका लावायच्या राहिल्या होत्या, त्या लागल्या. साईनाथराव मात्र सगळ्यांना सांगत होते, "तांत्रिक बिघाड होता हो, कुणाचाच दोष नव्हता." बघा गंमत! दोष ताईंचा होता तेव्हा तो रक्तात होता. स्वतःचा निघाला, तर तो कुणाचाच नाही.

आता मी पुन्हा कामावर आहे. काका मला दर शनिवारी पुसतात, नीट गोल गुंडाळून ठेवतात. मित्रांनो, तुम्हीही तुमच्या वायरींना गाठी मारू नका, ओढून उपटू नका. गाण्याचं सामान घ्याल तेव्हा दिवे बघू नका, ऐकून घ्या. आणि कुणी चुकतंय असं वाटलं तर आधी माझ्यासारखीला हलवून बघा, पिना काढून पुन्हा लावा, झाकणं उघडा. माणसाकडे बोट दाखवायचं ते सगळ्यात शेवटी.

माझा राग गेला का म्हणाल, तर नाही गेला. वर्धापनदिनाला ताई छान गायल्या, टाळ्याही पडल्या. पण मी स्टेजवर त्यांच्या पायाशीच होते. पहिलं अक्षर निळं झालं, मी संगीत वेळेवर दिलं, आणि तरी ताई अर्धा श्वास थांबल्या. अजूनही थांबतात, दर शनिवारी. संगीत खरंच आलंय ना, ते आधी ऐकतात, मग गातात. स्पीकरमधला उशीर मी काढला. तो उशीर आता ताईंच्या गळ्यात जाऊन बसलाय, आणि तिथे कुठलीच वायर पोचत नाही.