बावीस जोड बूट आणि एक जोड वहाणा

तुमच्या-आमच्या प्रत्येक घरात सरकारी कागदांची एक पिशवी असतेच. दारामागच्या खिळ्याला टांगलेली, झेरॉक्सने फुगलेली. सादिकाच्या घरातली पिशवी गेल्या दोन वर्षांत इतकी जड झाली होती की एकदा खिळाच निघून आला.

सादिका निघोज्यात गेनबांच्या चाळीत राहायची. चाकणच्या एका कंपनीत पार्ट तपासायच्या लाइनवर तिची नोकरी. सकाळी सहाला उभी राहिली की दुपारी अडीचला बसायची. आणि सुट्टीच्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, ती अर्ज लिहायची. अर्ज एकच होता, माहिती अधिकाराखाली पोलीस खात्याला. माझे वडील इब्राहिम यांच्यावर आपल्या खात्याने पाळत ठेवली होती काय, असल्यास का, आणि त्याच्या नोंदी मला मिळाव्यात.

इब्राहिम फोटो काढायचे. लग्नाचे नाहीत, बारशाचे नाहीत. ते कामगारांच्या हातांचे फोटो काढायचे. तेलाने काळवंडलेले हात, भाजलेले हात, प्रेस मशीनखाली बोटं गेलेले हात. वीस वर्षं त्यांनी हेच केलं. त्यांची एक पद्धत होती. कंत्राटदार बदलला की कामगाराला नवा गेटपास लागतो आणि गेटपासला नवे फोटो लागतात. दर गुरुवारी इब्राहिम घराच्या पुढच्या खोलीत पांढरी चादर लावून हे फोटो फुकट काढून द्यायचे. बदल्यात एवढंच म्हणायचे, "भाऊ, आता एक फोटो तुझ्या हातांचा."

मग कधीतरी साध्या वेशातला एक माणूस फाट्यावर दिसू लागला. पुढे गेटवर कंत्राटदार कामगारांना दम देऊ लागले, "त्या फोटोवाल्याकडे गेलात तर गेटपास विसरा." गुरुवार ओस पडले. शेवटचं वर्षभर इब्राहिम चादर लावून, दार उघडं टाकून एकटेच बसायचे. आजारपणात त्यांनी लेकीला तीनदा विचारलं होतं, "बेटा, माझं चुकलं तरी काय?" तिला उत्तर देता आलं नाही, आणि ते गेले. मामा म्हणाले, ती फोटोंची पेटी रद्दीत घाल, नसती आफत नको. सादिका म्हणाली, उत्तर येईपर्यंत नाही.

उत्तरं आली, पण कशी! पहिलं आलं की माहिती गोपनीय आहे. तिने अपील केलं. त्यावर पत्र आलं, 'संबंधित व्यक्तीचे संमतीपत्र जोडावे.' अर्जाला तर मृत्यूचा दाखला जोडलेला होता! ती सुनावणीला गेली.

"साहेब, ते वारलेत. दाखला जोडलाय."

"ते ठीक आहे हो," साहेब कागदातून मान वर न काढता म्हणाले, "पण संमती त्यांचीच लागते."

त्या दिवशी घरी येऊन ती जेवलीही नाही. राग यायलासुद्धा अंगात बळ लागतं, ते पाळीवर संपलेलं असायचं. तरी तिने पुढचं अपील टाकलं. पहिल्या अर्जानंतर दोन वर्षांनी माहिती आयोगाचा आदेश झाला आणि एका गुरुवारी दुपारी पोस्टमन जाड पाकीट देऊन गेला.

नऊ पानं होती. अर्ध्याअधिक ओळींवर काळी शाई फासलेली. सगळी नावं झाकली होती. पण झाकणाऱ्याचीही पाळी संपत आली असावी, कारण एवढे शब्द त्याच्या हातून सुटले होते: 'घरमालकाकडून मिळालेल्या माहितीनुसार.' आणि चाळीला घरमालक एकच होता.

सादिका पाकीट घेऊन बाहेर आली. समोरच्या ओट्यावर गेनबांच्या पत्नी गवराबाई शेंगा फोडत होत्या आणि गेनबा भिंतीला टेकून बसले होते. या म्हाताऱ्याने इब्राहिमच्या जनाज्याला खांदा दिला होता. मागच्या ईदला शीरखुर्म्याची दुसरी वाटी मागून घेतली होती. दोन वर्षं दर आठवड्याला तोच विचारायचा, "पोरी, आलं का गं उत्तर?"

"आबा, उत्तर आलंय," सादिका म्हणाली. "वाचते. तुम्हीच सांगा हे कोण ते."

तिने वाचलं. 'घरमालकाकडून मिळालेल्या माहितीनुसार सदर इसमाकडे दर गुरुवारी वीस ते पंचवीस कामगार जमतात. दार लोटून घेतात. खोलीबाहेरील पादत्राणांवरून संख्येची खात्री होते.'

गवराबाईंचा हात शेंगांवरच थांबला. गेनबांनी आधी आभाळाकडे पाहिलं, मग अंगणाकडे.

"म्या काय खोटं सांगितलं?" ते म्हणाले. "भाडेकरूची माहिती द्याया चौकीवर गेलो व्हतो. तिथं साहेबांची वळख झाली. मंग ते फाट्यावर चहाला यायचे. मला बघून खुर्चीवरनं उठायचे. बसा गेनबा म्हणायचे. जमीन कंपनीत गेल्यापासनं मला कुनी असं उठून बसा म्हणालं न्हवतं, पोरी. त्यांनी इचारलं, खोलीवर कोन येतं? म्या म्हणलं, बूट मोजा की, वीस-पंचवीस जोड असत्यात. एवढंच. सहज सांगितलं."

"मोजत होता तुम्ही?"

"दारातनं जाता-येता दिसायचे. कामावर बी त्येच अन सुट्टीला बी त्येच, दुसरं पायताण कुनाकडं व्हतं?"

सादिकाला ओरडावंसं वाटलं. पण दोन वर्षं ज्याला शोधलं तो असा मळक्या टोपीतला, चहाच्या खुर्चीला भुललेला निघावा, याचाच तिला इतका शीण आला की तिने फक्त पुढचं पान उलटलं.

"सतरा नोव्हेंबर, गुरुवार," ती वाचू लागली. "'आमच्या अंमलदाराने समक्ष पाहणी केली. खोलीबाहेर बावीस जोड सेफ्टी शूज. शिवाय एक जोड जुन्या कातडी वहाणा, पैकी डाव्या वहाणेस टायरचा तुकडा ठोकलेला. सदर वहाणांचा मालक ग्रामीण भागातील वयस्कर इसम असून, तोच या बैठकांचा सूत्रधार असावा. शोध चालू आहे.'"

मग गवराबाईंनी हळूच नवऱ्याच्या पायांकडे पाहिलं. डाव्या वहाणेला टायरचा तुकडा होता.

"मी?" गेनबा म्हणाले. "मी तर एसटीच्या म्हाताऱ्यांच्या कार्डासाठी फोटो काढाया गेलो व्हतो."

सादिका आत गेली आणि पेटीतून एक फोटो घेऊन आली. मांडीवर ठेवलेले दोन हात. नखांत माती, उजव्या अंगठ्यावर विळ्याचा जुना व्रण. मागे अब्बांच्या अक्षरात लिहिलं होतं: गेनबा आबा, १७ नोव्हेंबर, गुरुवार.

गेनबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. मग तो खाली ठेवून म्हणाले, "आरं, पन मला इचारलं असतं तर म्या सांगितलं असतं की!"

"व्हय," गवराबाई म्हणाल्या. "इब्राहिमभाऊला इचारलं असतं तर त्यानं बी सांगितलं असतं. त्याला कुठं कुनी इचारलं? तुमी खोटं न्हाई बोललात. पन अर्धं बोललात. बूट किती ते सांगितलंत, बूट कशापायी आल्यात ते पोटात ठिवलंत."

"साहेबांनी इचारलं न्हाई त्ये."

"आन तुमी साहेबाला इचारलं न्हाई, की बाबा, तुला ह्ये कशाला पायजे? खुर्ची मिळाली, तुमी बसलात. ती खुर्ची त्या मान्साला किती महाग पडली बगा. शेवटचं वरीस दार उघडं टाकून बसला व्हता तो. आपुन समोरच व्हतो. आपल्या दोघांतलं बी कुनी जाऊन बसलं न्हाई. मी बी न्हाई."

गेनबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि ते रडले. म्हातारा माणूस रडतो तेव्हा पाहणाऱ्यालाच अवघडतं. सादिकाने त्यांची समजूत काढली नाही. तिला ते जमणार नव्हतं, आणि जमायलाच हवं असंही नाही.

डोळे पुसून तेच म्हणाले, "पोरी, ही काळी शाई फासलीय, त्याच्याखाली काय हाय?"

"माहीत नाही. त्यासाठी परत अर्ज करावा लागेल. परत सुनावण्या. माझ्यात आता ताकद नाही, आबा. अब्बांचं काही चुकलं नव्हतं, एवढं कळलं. पुरे झालं."

"तुला कळलं. गावाला कुठं कळलंय? अर्ज मी करतो. तू नुस्तं लिही."

वाचकहो, पाळत काही नुसत्या सरकारच्या डोळ्यांनी होत नाही. तिला आपले डोळे लागतात, आपली जीभ लागते. मोठा माणूस आपल्याला शेजाऱ्याबद्दल विचारतो आणि आपली छाती फुगते. आपण सहज काहीतरी सांगतो आणि घरी येऊन जेवतो. आपल्या त्या अर्ध्या वाक्याची कुठेतरी फाइल होते आणि शेजाऱ्याचं दार ओस पडतं. म्हणून विचारणाऱ्याला आधी 'कशासाठी' हे विचारावं, आणि सांगायचंच तर पूर्ण सांगावं. ओस पडलेल्या दारात जाऊन बसावं. आणि आपल्या नावाने काय लिहून ठेवलंय हे सरकारला विचारायला कचरू नये. तो आपला हक्क आहे, जरी तो बजावताना माणूस थकून जात असला तरी!

पुढच्या गुरुवारी सादिकाने पुढच्या खोलीत पांढरी चादर लावली आणि दार उघडं ठेवलं. बाहेर टायरच्या तुकड्याची वहाण जोडीने मांडलेली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला नीट दिसेल अशी. आत गेनबा अर्ज सांगत होते आणि सादिका लिहीत होती. त्यांनी आपलं नाव घातलं, गाव घातलं, आणि माहिती देणारा घरमालक मीच, हेही घालायला लावलं. सही करण्याआधी त्यांना सादिकाने तेव्हा वाचून दाखवलेलं कार्यालयाचं ते जुनं पत्र आठवलं.

"त्यांना संमती पायजे व्हती न्हवं? लिही मंग."

सादिकाने शेवटची ओळ लिहिली: 'आपल्या नोंदीतील वहाणांचा मालक, म्हणजेच संबंधित व्यक्ती, मी स्वतः हयात असून माझी पूर्ण संमती आहे.'