आकारामची साक्ष

आमच्या चर्चमध्ये मोठ्या माणसांचा बाप्तिस्मा उठसूट होत नाही. आधी सहा महिने वर्ग. दर रविवारी उपासना संपली की मागच्या खोलीत माझ्यासमोर येऊन बसायचं आणि शेवटी प्रत्येकाने आपली साक्ष द्यायची. मी कोण होतो, काय केलं, प्रभूकडे कसा आलो, सगळं. ज्याला लिहिता येत नाही त्याची साक्ष मी लिहून घेते आणि बाप्तिस्म्याच्या दिवशी मंडळीसमोर मीच वाचते. पंचवीस वर्षं शाळेत निबंध तपासलेत, त्यामुळे गुळमुळीत लिखाण मला खपत नाही. ‘मी महापापी होतो’ असं कुणी म्हणालं की मी पेन खाली ठेवते. कसलं पाप? कधी? कुठे? या हट्टाचा मला अभिमान होता. तोच माझ्यावर शेकला.

२००२ सालच्या वर्गात दोघंच होते. एक धोंडुबाई, शाहूपुरीत भाजी विकणारी. प्रभूने तिचा कुठला आजार बरा केला हे दर रविवारी बदलायचं. दुसरा आकाराम, पन्नाशीचा ट्रॅक्टर ड्रायव्हर. वारणानगरकडून दोन गाड्या बदलून यायचा, दाराजवळच्या खुर्चीवर बसायचा आणि माझ्याकडे कधी बघायचा नाही.

“तिकडे जवळ चर्च नाही का?” मी पहिल्याच दिवशी विचारलं.

“हाय की. पन मला हितंच यायचं हुतं.”

मला वाटलं, माझ्या वर्गाची कीर्ती तिकडपर्यंत पोचली. स्वतःवर खूश असलेल्या माणसाला समोरचं दिसत नाही.

माझे यजमान शांतवन वारणानगरला शिक्षक होते. १९९३च्या जानेवारीत, धुक्याच्या पहाटे, पेठ वडगावच्या अलीकडे त्यांची स्कूटर उभ्या ट्रॉलीवर आदळली. ट्रॉली सापडली नाही. रस्त्यावर उसाची एक मोळी पडली होती, एवढंच. आमची कृपा तेव्हा अकरा वर्षांची होती. महिनाभर ती झोपेतून दचकून उठायची आणि एकच विचारायची, “बाबांना खूप दुखलं असेल का?” आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी तिला जवळ बसवून सांगितलं, बाबा जागच्या जागी गेले, त्यांना काहीच कळलं नाही. त्या रात्रीपासून लेक झोपायला लागली. मीही.

आकारामची साक्ष फार हळू निघत होती. पहिले तीन रविवार दारूवर गेले. मग बायकोला मारल्याचं सांगून झालं. प्रत्येक वेळी तो थांबायचा, टोपी गुडघ्यावर ठेवून तिच्याकडे बघत बसायचा. आणि मी टोकायची, “अजून काहीतरी आहे. गिळू नका.”

एका रविवारी तो म्हणाला, “म्या उसाची ट्रॉली रस्त्यावर हुबी करून च्या प्यायला गेलतो. मागं बत्ती न्हाई, दगड न्हाई.”

“कुठे?” मी सवयीने विचारलं.

“वडगावच्या अलीकडं.”

मी लिहिलं. साल विचारायचं मी टाळलं. आयुष्यात पहिल्यांदा साल विचारायचं टाळलं. घरी आल्यावर कृपाने दोनदा विचारलं, काय झालंय म्हणून. उन्हाचं डोकं दुखतंय, असं सांगितलं. बाहेर ढग होते.

बाप्तिस्म्याच्या आधीचा रविवार आला. धोंडुबाईची साक्ष पूर्ण झाली होती, त्यामुळे खोलीत आम्ही दोघंच. आकारामने न विचारता सांगायला घेतलं.

“त्र्याण्णव साल, बाई. आवाज झाला म्हनून पळत आलो. मास्तर खाली पडलं हुतं. स्कूटरच्या डिकीत वह्या हुत्या, सगळ्या पसरल्या हुत्या.”

“तुम्हाला माहीत होतं मी कोण ते?”

“व्हय. म्हनून तर हितं आलो.”

मला त्याच्या तोंडात मारावंसं वाटलं. खुर्चीचा हात मी इतका घट्ट धरला की बोटं दुखली. वाटलं, आता हा थांबेल. पण न थांबायचं मीच त्याला शिकवलं होतं.

“ते जित्तं हुतं, बाई. माझ्या पायाला धरलं त्येनी. पानी मागितलं. लोक येतील ह्या भ्यानं म्या त्येंची बोटं एकेक करून सोडवली, आन् ट्रॅक्टर चालू केला.”

मी पेन खाली ठेवलं.

“हे लिहायचं नाही,” मी म्हणाले.

“बाई, तुमीच म्हनलासा, गिळू नका.”

“माझी मुलगी पहिल्या बाकावर बसते. गायनगटात. तिच्यासमोर हे वाचलं जाणार नाही. कळलं?”

मी माझ्या हाताने लिहिलं: ‘माझ्याकडून एक अपघात झाला. प्रभूने मला क्षमा करावी.’ कुठल्याही विद्यार्थ्याचं असलं वाक्य मी फाडून टाकलं असतं. खाली आकारामचा अंगठा घेतला आणि ‘बाप्तिस्म्याला तयार आहे’ म्हणून सही केली. तो आठवडा मी कृपाच्या समोर जेवायला बसले नाही. काही ना काही काम काढलं.

रविवारी चर्च भरलेलं होतं. आधी धोंडुबाईची साक्ष वाचली. त्या दिवशी मूळव्याध होती. मंडळी हसली, टाळ्या वाजल्या. मग आकाराम पुढे आला. मी कागद वाचला, सपाट आवाजात, कुठे न अडखळता.

पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, “ही तुमची संपूर्ण साक्ष आहे का?” इतक्या वर्षांत या प्रश्नाला ‘होय’शिवाय दुसरं उत्तर मी ऐकलं नव्हतं.

आकारामने सहा महिन्यांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं.

“न्हाय,” तो म्हणाला.

“मग बोला, बाबा. घाबरू नका,” पाळकसाहेब म्हणाले. त्यांना काय कल्पना!

मी व्यासपीठावरून उतरून कृपापर्यंत पोचायच्या आत त्याने बोलायला सुरुवात केली होती. वडगाव, ट्रॉली, वह्या. पाणी. बोटं. कुणी खोकलंसुद्धा नाही. मी कृपाचा हात धरला. तिने आकारामकडे पाहिलंच नाही. ती माझ्या दुसऱ्या हातातल्या कागदाकडे बघत होती, मग माझ्याकडे.

“आई, तुला ठाऊक होतं?”

ती हळू बोलली, पण त्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेलं. सगळी मंडळी माझ्याकडे वळली.

“हो,” मी म्हणाले. “गेल्या रविवारपासून.”

तिने हात सोडवून घेतला.