आखूड पायाखालची पुस्तिका

मी एक जुनी, कडांनी काळी पडलेली पुस्तिका आहे, मित्रांनो, आणि माझ्या पाठीवर एक चौकोनी खळगा आहे. तो कसा पडला ते आधी सांगते.

एका कंपनीने एक मोटारसायकल काढली आणि ती दुरुस्त कशी करावी हे सांगायला मला छापलं. कुठला भाग आधी काढायचा, कुठला नंतर, कुठला बोल्ट किती जोराने आवळायचा, सगळं माझ्यात आकृत्यांसकट आहे. छापखान्यात मला शिवलं, डिंक लावला, तिन्ही बाजूंनी कापलं. दुखलं का, असं तुम्ही विचाराल. नाही. कागदाला दुखत नाही.

खोक्यात बसून मी एका गॅरेजात आले. माझ्यासोबत लांब दांड्याचा एक पाना होता. त्याला टॉर्क पाना म्हणतात. त्याच्यावर आकडा लावायचा, आणि बोल्ट तेवढा आवळला गेला की तो ‘टक्’ करून सांगतो, आता बास. गॅरेजच्या मिस्त्रींनी पाना भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला आणि मला हातात तोललं.

“चांगली जाडजूड आहे,” ते म्हणाले.

माझं एवढंच काय ते कौतुक झालं. लगेच त्यांनी मला कामाच्या टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवलं. टेबल डुगडुगायचं थांबलं आणि माझ्या पाठीला खळगा पडू लागला.

मिस्त्रींना माझी गरजच नव्हती. बोल्ट आवळताना ते गिऱ्हाइकाकडे बघून गप्पा मारायचे, आणि हात आपोआप नेमक्या जागी थांबायचा. त्यांची बोटं बघत नव्हती, मोजत नव्हती, तरी चुकत नव्हती. मी टेबलाखाली पडल्या पडल्या हे बघायचे. मला हेवा वाटला नाही. मला काहीच वाटलं नाही.

मग एका आजारात त्यांच्या बोटांची जाणीव गेली. मूठ वळायची, पाना धरता यायचा, पण हातात काय आहे ते बोटांना कळायचं नाही. डॉक्टर म्हणाले, परत येईल, किंवा येणारही नाही. घर गॅरेजच्या मागेच होतं, मधल्या दारातून मला सगळं ऐकू यायचं. त्यांची लेक ठमी रोज त्यांना डोळे मिटायला लावून एक बोट दाबायची.

“बाबा, ओळखा बघू, कुठलं?”

“मधलं.”

“चूक! करंगळी!” ती टाळ्या पिटायची. तिला तो खेळ वाटायचा.

एके दिवशी गिऱ्हाइकासमोरच त्यांच्या हातून एक बोल्ट तुटला. ते रागावले नाहीत. ती गाडी त्यांनी दुसऱ्या गॅरेजात पाठवली, शटर ओढलं आणि खिडकीशी जाऊन बसले. मग रोज तिथेच बसू लागले. जेवायला हाक मारली की जेवायचे. भाजीत मीठ घालायचं राहिलं तरी जेवायचे. त्यांची बायको मुद्दाम विचारायची, “कशी झालीय?” ते म्हणायचे, “चांगली.” मग ती तीच बिनमिठाची भाजी आपल्या ताटात वाढून घ्यायची.

ती शिवणकाम करायची. तिचा धाकटा भाऊ बंड्या समारंभांना खुर्च्या भाड्याने द्यायचा. तो येऊन म्हणाला, “ताई, गॅरेज नुसतंच पडून आहे. माझ्या खुर्च्या ठेवू का? भावोजींनाही कटकट नको.”

“थोडं थांब,” ती म्हणाली.

दोन-चार दिवसांनी शटर वर गेलं. ती घामाघूम होऊन एक वापरलेली मोटारसायकल ढकलत आत आली. मिस्त्री मधल्या दारात उभे राहिले.

“ही कशाला?”

“शिवलेले कपडे पोचवायला. घेतली मी.”

“चालते का?”

“चालली असती तर ढकलत आणली असती का?”

ते परत वळले, तशी ती म्हणाली, “अहो, ऐका. ही तुम्ही चालू केलीत तर गॅरेज आपलं. नाही जमलं, तर बंड्याला खुर्च्या आणायला सांगते. मग मी पुन्हा विषय काढणार नाही.”

गाडीच्या सीटखाली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक बारकी पुस्तिका निघाली. ती माझी धाकटी बहीण, याच मोटारसायकलसाठी माझ्यासोबत छापलेली. गाडी धुवा, हवा तपासा, तेल बदला, एवढंच तिला सांगता येतं. शेवटच्या पानावर तिने हात टेकले होते : अधिक माहितीसाठी दुरुस्ती-पुस्तिका पाहावी.

“ही दुरुस्ती-पुस्तिका कुठे मिळते?” बायकोने विचारलं.

मिस्त्रींनी खाली बोट दाखवलं. “टेबलाखाली.”

अशी मी बाहेर आले. माझ्या जागी तिने लाकडाचा ठोकळा बसवला आणि माझ्यावरची धूळ पदराने पुसली. पान मिस्त्रींनी उलटायला घेतलं, ते टरकन फाटलं. कागद हाताला लागला की नाही तेच त्यांना कळलं नव्हतं. मग पानं बायकोच उलटू लागली. ती मोठ्याने वाचायची, ते करायचे.

“तेल-निःसारण छिद्राखाली योग्य आकाराचे पात्र ठेवावे...”

“अगं, कोण बोलतं असं? ट्रे ठेव म्हण ना, सरळ!”

कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज चढला होता.

प्लग नवा बसला, कार्बोरेटर साफ झाला. जुनं तेल काढून झाल्यावर इंजिनाच्या तळाचा बोल्ट परत लावायचा होता. “इथे आकडा दिलाय,” ती म्हणाली. “तो भिंतीवरचा पाना घ्या.”

“तो शिकाऊ पोरांचा,” मिस्त्री म्हणाले. “एवढा बोल्ट मला येतो.”

त्यांनी आवळला. हाताला काही लागलं नाही म्हणून आणखी आवळला. मग आणखी. आतून ‘कर्र’ झालं आणि बोल्ट नुसताच गोल फिरू लागला. बोल्ट धरून ठेवणारे इंजिनातले आटे गेले होते.

त्यांनी पाना खाली ठेवला, हात पुसले आणि ते खिडकीशी जाऊन बसले. मी टेबलावर उघडीच राहिले. ‘जोर लावू नये’ असं माझ्यात ठळक छापलेलं आहे, त्याच पानावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला शेवटपर्यंत चाळलं आणि मला घेऊन खिडकीपाशी गेली. “हे बघा. आटे गेले तर थोडे मोठे नवे आटे पाडून मोठा बोल्ट लावता येतो.”

“माहीत आहे. दुसऱ्यांचे कितीतरी पाडून दिलेत.”

“मग?”

“आटे पाडायचा टॅप फिरवताना हाताला कळावं लागतं. जड लागलं की मागे घ्यायचा. नाही कळलं तर टॅप आत तुटतो, मग इंजिनच गेलं.” ते थांबले. “मला कळत नाही गं.”

हे त्यांनी पहिल्यांदाच तोंडाने सांगितलं.

ती म्हणाली, “मशीनवर दोरा ताणला की तुटायच्या आधी मला कळतं. तसंच ना?”

ते दोघं गाडीपाशी खाली बसले. ग्रीस लावून त्यांनी टॅप सरळ धरला. तिने आपला हात त्यांच्या हातावर ठेवला. माझ्यात या कामाची आकृती आहे, पण तिच्यात एकच हात आहे.

“जड लागलं,” ती म्हणाली.

“मागे घे. थोडाच. आता परत.”

“हलकं आहे... हलकं... आता लागलं.”

“मागे.”

ठमी दारात उभी होती. ती त्या दोन हातांकडे बघत होती.

मोठा बोल्ट लागला. या वेळी मिस्त्रींनी न सांगता खिळ्यावरचा पाना काढला. आकडा तिने लावला, दांडा त्यांनी ओढला. ‘टक्.’ त्यांचा हात तिथेच थांबला.

नवं तेल भरून त्यांनी गाडीखाली पुठ्ठा अंथरला. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा कोरडा होता. मिस्त्रींनी किक मारली. पुन्हा मारली. गाडी खोकली, थांबली, आणि मग चालू झाली. माझी पानं थरथरली. ती थरथर इंजिनाची असेल.

तेवढ्यात बंड्या टेम्पोतून उतरला. “ताई, मग आणू का खुर्च्या?”

तिने मिस्त्रींकडे पाहिलं.

“एक आण,” मिस्त्री म्हणाले. “गिऱ्हाइकाला बसायला.”

मित्रांनो, त्यांची बोटं अजून तशीच आहेत. मी आता फळीवर असते, पाठीचा खळगा बुजलेला नाही. माझ्यासारखं काही तुमच्या घरात कशाच्या खाली दबलेलं असेल, तर एकदा काढून पुसून बघा. पान हळू उलटा. ‘टक्’ झालं की थांबा. आणि हाताला कळेनासं झालं, तर आणखी जोर लावू नका, शेजारच्याला सांगा.

खेळ रोज चालतो. ठमी त्यांना डोळे मिटायला लावते, बोट दाबते आणि विचारते, “कुठलं?”

“नाही कळत,” ते म्हणतात. “तूच सांग.”